अडीच किलोची बाहुली

बाहुली माझ्या बायकोनं शिवली होती. तिच्या जुन्या सुती साडीची. आत नदीची वाळू, आणि वाळू सांडू नये म्हणून सगळीकडून दुहेरी टीप. खात्याकडून आलेली प्लास्टिकची बाहुली इतकी हलकी होती की काट्याला टांगली तरी सुई जागची हलत नसे, आणि मला तर गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांना नवजात बाळाचं वजन करायला शिकवायचं होतं. मी ती वाळूची बाहुली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन तोलून घेतली. वाळू थोडी काढली, थोडी घातली, आणि बरोबर अडीच किलो करून आणली. दुकानदार म्हणाला, "बधाई हो भिया, लड़का की लड़की?"

घरी बायकोनं विचारलं, "अहो, एकच पुरेल? मुलं काय सगळी एकाच वजनाची होतात?"

"शिकवण्यापुरती चालते," मी म्हटलं.

मी कंत्राटी प्रशिक्षक आहे. आता पन्नाशी ओलांडली. आमचं घराणं कधीकाळी दरबाराबरोबर देवासला आलं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, मी आरोग्य खात्याच्या कामाला लागलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आयुष्य गेलं. माझ्या मुलांना मराठी बोलता येतं, वाचायचं म्हटलं की ती कंटाळतात. हे मी मराठीत लिहितो आहे, त्यामागे हेही एक कारण असावं. ती वाचणार नाहीत याचा मला थोडा आधार वाटतो. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण खरं आहे.

प्रशिक्षण बागलीला व्हायचं, पाच दिवसांचं, निवासी. देवासहून सकाळची बस पकडायची, पाठीवर काट्याची पिशवी, मांडीवर बाहुली. पहिल्या वर्षी कंडक्टर हसायचे, नंतर तेही थांबलं. हॉलमध्ये तीस बायका असायच्या. काही बागलीच्या आसपासच्या, काही पार उदयनगरच्या जंगलातल्या, बारेली बोलणाऱ्या, पहाटे निघून दुपारी पोहोचणाऱ्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाची सासू सोबत. सकाळी पोहे-शेव, मग हात धुण्याचे टप्पे, बाळाला गुंडाळणं, श्वास मोजणं, ताप बघणं, वजन. तेच पाच दिवस, तीच वाक्यं. काही वर्षांनी माझा आवाज आपला आपण चालू लागला. मी खिडकीबाहेर बघत असायचो आणि माझं तोंड बायकांना सांगत असायचं की आईचं दूध पहिल्या तासात.

वजनाचा काटा म्हणजे वर कडी, मध्ये तबकडी आणि सुई, खाली आकडा. आकड्याला कापडाची झोळी अडकवायची आणि झोळीत बाळ ठेवायचं. नियम साधा आहे. आधी रिकामी झोळी टांगायची, काट्याचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची, मग बाळ ठेवायचं, आणि त्यानंतर स्क्रूला हात लावायचा नाही. सुई जिथे थांबेल ते वजन. हे मी प्रत्येक वेळी सांगत असे. तोंडानं.

हातानं मी दुसरंच करत होतो. आमच्याकडे दोन काटे होते. एकाचा आकडा तुटलेला, दुसऱ्याची स्प्रिंग सैल झालेली. दहा-बारा बायकांनी बाहुली टांगली की सुई घसरायची. पुढची बाई प्रामाणिकपणे वाचून सांगायची, "सर, दो किलो सात सौ." खरं तर तिथे थांबून, बाहुली काढून, रिकाम्या झोळीनं काटा पुन्हा शून्यावर आणायला हवा होता. पण रांगेत अजून वीस बायका असायच्या, जेवणाची वेळ झालेली असायची. बाहुली अडीचची आहे हे मला माहीतच होतं. मग मी ती टांगलेली असतानाच हात वर करून स्क्रू जरा फिरवायचो आणि म्हणायचो, "अब देखो."

"ढाई किलो, सर."

"शाबाश दीदी. चलो, अगली."

शेवटच्या दिवशी परीक्षाही त्याच बाहुलीवर. तिसऱ्या-चौथ्या बाईनंतर बाकीच्या बाहुली टांगण्याआधीच ओरडायच्या, "ढाई!" हॉलभर हशा व्हायचा. मीही हसायचो. सगळ्या पास.

एक बॅच मला आठवते ती एका बाईच्या मागणीमुळे. उदयनगरच्या पलीकडच्या एका पाड्यातली बाई, पंचविशीची, आठवीपर्यंत शिकलेली. वहीत सगळं उतरवून घ्यायची, आणि घेताना ओठ हलायचे. चौथ्या दिवशी वेळापत्रकात दवाखान्याची भेट होती. बागलीच्या प्रसूती वॉर्डात बायकांना नेऊन खऱ्या बाळांची वजनं करून घ्यायची. मागच्या खेपेला तिथली सिस्टर माझ्यावर तडकली होती, "तीस-तीस बायका घेऊन येता, बाळंतिणींनी श्वास कुठे घ्यायचा?" त्यामुळे त्या खेपेला मी भेट रद्द केली. वेळापत्रकात मात्र भेट झाली असं लिहिलं. दुपारी सगळ्या पांगल्यावर ती माझ्याकडे आली.

"सर, एक बार असली बच्चे का करवा दो ना."

"वही है, दीदी," मी म्हटलं. "गुड़िया की जगह बच्चा. बस."

ती मान हलवून गेली. तिला पटलं नव्हतं, एवढं मला तेव्हाही दिसलं होतं.

पुढचा पावसाळा संपत आला असताना बागलीहून फोन आला. तिथले डॉक्टर, म्हणजे त्या तालुक्याचे आरोग्य अधिकारी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, इंदूरचे. माणूस वाईट नाही. म्हणाले, "भिया, वो उदयनगर साइड की आशा का परीक्षा का कागज़ लेके आओ. मामला गड़बड़ है."

मामला असा होता. खऱ्या बाळाचं वजन करू द्या म्हणणाऱ्या त्याच बाईच्या पाड्यातलं एक तीन आठवड्यांचं बाळ आईबापांनी बागलीला आणलं होतं. दूध ओढत नव्हतं, अंग गार पडत होतं. दवाखान्यात वजन केलं तर दोन किलोलाही कमी. त्याच्या कार्डावर आशानं जन्मानंतर पहिल्या भेटीला लिहिलं होतं अडीच. नंतरच्या भेटीलाही अडीच. बाळाला तातडीनं देवासला नवजात बाळांच्या कक्षात पाठवलं. तिथे ते बरेच दिवस राहिलं आणि जगलं. पण डॉक्टरांनी त्या आशाची बाकीची कार्डं मागवून पाहिली, तर एकूण एक बाळ अडीच किलोचं.

मी पोहोचलो तेव्हा ती डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी होती. बाजूला तिची पर्यवेक्षिका, जी महिन्यातून एकदा तिच्या गावाला जाई. व्हरांड्यात नवरा त्यांच्या मुलीला घेऊन बसलेला.

"पूरे गाँव में ढाई किलो की फैक्ट्री लगी है क्या?" डॉक्टर तिला विचारत होते. "घर बैठे-बैठे भर दिया ना सब?"

"घर-घर गई हूँ, सर," ती म्हणाली. "हर बार तौला है."

पर्यवेक्षिकेनं खाली बघत सांगितलं की ही जाते खरी, लोक सांगतात. डॉक्टरांनी माझ्याकडचा कागद घेतला. त्यावर माझी सही होती. वजन करणे : उत्तीर्ण. वॉर्ड भेट : झाली.

"सीखी हुई है, फिर भी फर्जी," ते म्हणाले. मग त्यांनी सिस्टरला सांगून वॉर्डातलं दोन दिवसांचं एक बाळ मागवलं. बाळामागून त्याची आजीही आली आणि दारात पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "कर के दिखाओ."

तिनं आधी हात धुतले, नीट, मी शिकवले होते त्या सगळ्या टप्प्यांनी. जमिनीवर स्वच्छ कापड पसरलं. रिकामी झोळी टांगून पाहिली. बाळाचे जाड कपडे काढले, झोळीत ठेवलं, आकडा अडकवला, आणि काटा हळूच उचलून डोळ्यांसमोर धरला. एक गोष्ट चुकली नाही. माझ्या तीस बायकांपैकी दहाजणींनीही इतकं नेमकं केलं नसतं. सुई तीनच्या पुढे जाऊन थांबली. तिनं सुईकडे पाहिलं, डावा हात वर नेला आणि स्क्रू फिरवायला लागली. सुई मागे सरकली. तीन. पावणेतीन. अडीचवर आली तेव्हा तिनं हात काढला.

"ढाई किलो, सर."

डॉक्टर उठून उभे राहिले. "देखा? मेरी आँख के सामने! बाई, ये काँटा है, रेडियो है क्या, जो स्टेशन लगा रही हो?"

सिस्टर हसली. आशा मात्र गोंधळली होती. आपलं काय चुकलं हे तिला खरोखरच कळत नव्हतं. तिनं माझ्याकडे वळून, मदत मागावी तसं, म्हटलं, "सर ने ऐसे ही सिखाया है ना."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मला त्या क्षणी सगळं समजलं होतं. माझा हवेत वर जाणारा हात, स्क्रू, "अब देखो". तिनं मी सांगितलेलं ऐकलं नव्हतं, मी केलेलं पाहिलं होतं. काटा खोटं दाखवतो आणि सर तो खऱ्यावर आणतात, असं ती शिकली होती. एवढंच बोलायचं होतं. एक वाक्य. पण समोर माझी सही होती, त्यात न झालेली वॉर्ड भेट होती, आणि मार्चमध्ये माझं कंत्राट पुन्हा मंजूर व्हायचं होतं.

"मैंने ऐसा नहीं सिखाया," मी म्हणालो.

शब्दशः पाहिलं तर ते खरंही होतं. तिनं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. बाळ झोळीतून काढलं, गुंडाळलं, आजीच्या हातात दिलं, कापडाची घडी केली. डॉक्टर म्हणाले की तूर्त तिचं काम बंद, काढून टाकण्याचा प्रस्ताव जिल्ह्याला जाईल, गावानं दुसरी आशा निवडावी. बाहेर नवऱ्यानं तिला काहीतरी विचारलं. तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि बसथांब्याच्या दिशेनं चालू लागली. मला त्याच थांब्यावरून देवासची बस घ्यायची होती. ती गेल्याची खात्री होईपर्यंत मी दवाखान्यात चहा पीत बसलो.

त्यानंतर आठ दिवस मी काही केलं नाही. फार विचार केला, असंही नाही. थकलेला माणूस जसा आंघोळ उद्यावर ढकलतो, तसं ते ढकलत राहिलो. एका सकाळी बायकोनं बाहुलीची टीप कुठे उसवली का बघायला ती हातात घेतली, पुढच्या आठवड्यात नवी बॅच होती. मी म्हटलं, ठेव ती खाली. आणि तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, गॅसवरचा चहा उतू गेला तरी.

"मग तुम्ही तिथे बोलला का नाही?"

"माहीत नाही."

"माहीत आहे तुम्हाला," ती म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

त्या दिवशी मी हिंदीत एकपानी अर्ज लिहिला. काटा सैल होता, बाहुली टांगलेली असताना मी स्क्रू फिरवत होतो, वॉर्ड भेट झाली नाही आणि तरी मी झाली म्हणून सही केली, या कार्यकर्तीनं मी दाखवलं तेच केलं. बागलीच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "भिया, आपने उसी दिन बोलना था ना," ते म्हणाले. "अब तो फाइल जिले पे गई." मग कागद खाली ठेवून, "मैंने उसको रेडियो बोला था." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. अर्जाची एक प्रत मी देवासला जिल्हा कार्यालयात स्वतः नेऊन दिली. तिथे पुष्कळ हेलपाटे झाले. अखेर ठरलं ते असं की तिला काढू नये, पुन्हा प्रशिक्षण द्यावं, पास झाल्यास कामावर घ्यावं. मला एक लेखी समज मिळाली. एवढंच. तोवर तिचे चार महिने कामाशिवाय गेले होते.

तो कागद घेऊन मी तिच्या पाड्यावर गेलो. पोस्टानं पाठवता आला असता. उदयनगरपर्यंत बस, पुढे पर्यवेक्षिकेच्या मोटरसायकलवर मागे बसून. ती अंगणात मक्याची कणसं सोलत होती. मला पाहून उठली, खाट पुढे केली, पाणी दिलं, आणि पुन्हा कणसं घेऊन बसली. मी कागद वाचून दाखवला. माझा अर्जही वाचला. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

मी विचारलं, बाळ लहान आहे हे तुला दिसलं नाही का? मला वाटतं, अजूनही मी तिच्यात एखादा दोष शोधत होतो. ती तिच्या तुटक हिंदीत सांगत गेली, मी ते मराठीत लिहितो. "दिसलं होतं ना. घरी येऊन सासूला म्हटलं, उंदराएवढं आहे. पण काटा ठीक केला तर अडीच आलं. मग मी म्हटलं, माझेच डोळे चुकत असतील. सर शिकलेले आहेत."

पर्यवेक्षिका दुसरीकडे बघू लागली. आयुष्यात इतकी प्रशिक्षणं घेतली, पण त्यातून मी कुणाला काय दिलं हे इतक्या स्पष्ट शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईला आपल्या डोळ्यांनी दिसत होतं. मी तिला न बघायला शिकवलं होतं.

"कामावर येशील ना?" मी विचारलं.

"आऊँगी," ती म्हणाली. मग एक कणीस बाजूला ठेवून तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "पर ये कागज़ तो दफ्तर का है. यहाँ कौन पढ़ेगा? यहाँ सब बोलते हैं कि मैंने झूठा वजन लिखा. उस घर में चलो, सर. वहाँ बोलो."

बाळाचं घर टेकाडाच्या पलीकडे होतं. माझी जायची तयारी नव्हती, हेही लिहून ठेवतो. उन्हाचं, बसच्या वेळेचं काहीतरी मनात आलं. पण ती पुढे चालू लागली होती. त्या अंगणात बाळाचा आजा, आजी, आई, आणि बघता बघता शेजारची दहा-पंधरा माणसं जमली. बाळ आईच्या मांडीवर होतं, अजून बारीकच, पण डोळे फिरवत होतं. मी उभा राहून हिंदीत सांगितलं की चूक हिची नाही, माझी आहे. मी चुकीचं शिकवलं, हिनं तसं केलं. आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. पर्यवेक्षिका एकेक वाक्य बारेलीत सांगत होती. आशा स्वतः कुंपणाबाहेर उभी होती. आत आली नव्हती.

आजी काहीतरी म्हणाली. पर्यवेक्षिका घुटमळली.

"क्या कहा?"

"पूछ रही है, आपके बच्चे हैं क्या?"

"दो हैं."

आजी पुन्हा बोलली, या वेळी हात नाचवून, आणि दोन-तीन बायका हसल्या. "कहती है," पर्यवेक्षिका म्हणाली, "उनको किसने तौला था?"

माझी दोन्ही मुलं इंदूरच्या खासगी दवाखान्यात जन्मली. मी खाली बघितलं. म्हातारा आजा म्हणाला, बरं, ऐकलं, आता जा. रागानं नाही. सरपणाची मोळी आणून टाकलेल्या माणसाला जा म्हणावं तसं.

ती प्रशिक्षणाला आली. त्या बॅचला मी पाचही दिवस बायकांना पाच-पाचच्या गटांनी वॉर्डात नेलं. सिस्टर रोज बडबडली, मी रोज ऐकून घेतलं. नवा काटा मागवायला कागद घातले, ते तसेच फिरत आहेत, म्हणून मी बाजारातून एक विकत आणला. खऱ्या बाळांचं प्रत्येकीला वेगळं वजन येत होतं. बायका एकमेकींच्या आकड्यांवर भांडत होत्या आणि सगळं फार हळू चालत होतं. तिनं चार बाळं तोलली, चारही बरोबर. पाचव्या दिवशी मी कागदावर सही केली आणि तिला दिला. तिनं तो घडी करून पिशवीत टाकला. "शाबाश" माझ्या तोंडात आलं होतं. मी म्हटलं नाही. पाचही दिवसांत ती माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलली नाही, आणि मीही वाट पाहिली नाही.

आता ती काम करते. तिची कार्डं पर्यवेक्षिका मला मुद्दाम दाखवते : दोन नऊशे, दोन चारशे, तीन शंभर, एक आठशे. त्या एक आठशेला तिनं त्याच दिवशी स्वतः बसमधून बागलीला आणलं. पाड्यातली बहुतेक घरं तिला पुन्हा बोलावतात. ते एक घर बोलावत नाही. मागच्या महिन्यात त्याच घरात धाकट्या सुनेला मूल झालं. नियमानं बेचाळीस दिवसांत भेटी द्यायच्या असतात. ती ठरलेल्या प्रत्येक दिवशी जाते, काटा आणि झोळी घेऊन. कुंपणाशी थांबून, या भेटींसाठी मुद्दाम सोबत येणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या हातात काटा देते, आत वजन होतं, पर्यवेक्षिका बाहेर येऊन तिला आकडा सांगते, आणि ती तो तिथेच उभ्याउभ्या कार्डावर लिहिते.